बॅटरी-धातूंच्या खाण शेअरमध्ये पैसे घालण्याआधी: बेळगाव-निपाणी-खानापूरच्या छोट्या गुंतवणूकदारांसाठी पायरी-पायरीने

लिथियमची मागणी वाढणार हा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, तरी लिथियमच्या खाणीचा शेअर घेणाऱ्याचे पैसे बुडू शकतात. २०२२ ते २०२५ या काळात नेमकं हेच घडलं. विजेच्या गाड्या दरवर्षी जास्त खपल्या, लिथियमचा जगभरचा वापर दरवर्षी वाढला, आणि तरीही चीनमधला लिथियम कार्बोनेटचा (लिथियम बाजारात ज्या रूपात विकलं जातं त्याचा) भाव घसरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो टनाला सुमारे ६ लाख युआन होता, २०२५ च्या मध्यात ६० हजारांच्या आसपास आला. पुढे भाव पुन्हा चढला, पण तोवर बऱ्याच जणांनी तळाला विकून टाकलं होतं. ऑस्ट्रेलियातली पिलबारा मिनरल्स (आता पीएलएस) खरोखर खाण चालवते आणि माल विकते. तिचाही शेअर साडेपाच ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपासून सव्वा डॉलरच्या खाली उतरला. कोअर लिथियमने डार्विनजवळच्या फिनिस खाणीतलं उत्खनन जानेवारी २०२४ मध्ये थांबवलं. २०२२ मध्ये दीड डॉलरच्या वर गेलेला तिचा शेअर दहा सेंटच्या खाली गेला.

भाव पडायचं कारण साधं आहे. भाव वर असताना ऑस्ट्रेलिया, चीन, आफ्रिका सगळीकडे एकदम खाणी उघडल्या आणि माल जास्त झाला. निकेलचंही तसंच. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली, तिथेच चिनी भांडवलावर कारखाने उभे राहिले आणि स्वस्त निकेलचा पूर आला. बीएचपीसारख्या बलाढ्य कंपनीला ऑक्टोबर २०२४ मध्ये आपला ऑस्ट्रेलियातला निकेल धंदा थांबवावा लागला. म्हणून "ईव्हीचं भविष्य" हा मुद्दा बाजूला ठेवा. छोट्या खाण कंपनीत पाहायचं ते एवढंच: हातातली रोकड किती तिमाही पुरेल, आणि धातू बाहेर पडेपर्यंत कंपनी आणखी किती शेअर छापेल.

पैसे कुठले घालायचे

आपल्या भागात हातात एकरकमी पैसा येतो तो ऊस बिलाचा, तंबाखूचा, जमीन विकल्याचा किंवा भिशीचा. ऊस बिलातून आधी सोसायटीचं पीककर्ज फिटायचं असतं. ते पैसे दोन महिने शेअरमध्ये फिरवून आणू, हा हिशेब करू नका. हे शेअर दोन महिन्यांत ४०% पडू शकतात, आणि सोसायटीची तारीख काही पुढे जात नाही. सोनं तारण ठेवून तर अजिबात नको. परदेशी शेअरसाठी पैसे पाठवायला भारतातल्या बँका कर्ज देऊ शकत नाहीत, तसा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. सोसायटीचं कर्ज बचत खात्यात वळवून पुढे पाठवणं म्हणजे ती वाट मागच्या दाराने काढणं.

आमच्या मते या प्रकारात तुमच्या एकूण शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या ५% पेक्षा जास्त रक्कम नको. त्यातही एका शोधक कंपनीत, म्हणजे जिची अजून खाणच नाही अशा कंपनीत, १% च्या वर नको. चार लाखांची गुंतवणूक असेल तर या खेळासाठी वीस हजार. ही रक्कम फार छोटी वाटते ना? मग खर्चाचा हिशेब पुढे वाचा. तो पाहून बरेच जण परदेशी शेअरचा नाद सोडून इथलेच पर्याय पाहतात, आणि ते शहाणपणाचंच आहे.

भारतात काय मिळतं

भारतात आज लिथियमची चालू खाण नाही, त्यामुळे निव्वळ लिथियम खाणीचा शेअर आपल्या बाजारात नाही. मंड्या जिल्ह्यातल्या मारलगल्ला-अल्लापट्टणची बातमी आपल्याकडे खूप फिरली. सरकारने संसदेत दिलेला आकडा १,६०० टनांचा आहे, तोही सर्वांत कच्च्या, "इन्फर्ड" म्हणजे अंदाजाने काढलेल्या साठ्याच्या वर्गातला. जम्मू-काश्मीरमधल्या रियासीत फेब्रुवारी २०२३ मध्ये ५९ लाख टनांची घोषणा झाली. तो आकडाही प्राथमिक टप्प्यातलाच. त्या ब्लॉकचा लिलाव पुरेसे बोलीदार न आल्याने मार्च २०२४ मध्ये रद्द झाला आणि फेरलिलावालाही तेच झालं. त्या दिवसांत "लिथियम शेअर" म्हणून टिपा वाटणाऱ्यांनी ही दुसरी बातमी कधी पाठवली नाही.

इथे जे मिळतं ते मिश्र आहे. हिंदुस्थान कॉपर तांबं काढते आणि तिचा शेअर तांब्याच्या भावावर चालतो. काबिल या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात पाच लिथियम ब्लॉकचा करार केला. काबिलचा शेअर बाजारात नाही. तिच्यात नाल्को, हिंदुस्थान कॉपर आणि खनिजशोध करणारी सरकारी कंपनी एमईसीएल भागीदार आहेत. त्या बातमीवर नाल्को घेणारा माणूस खरं तर ॲल्युमिनियमची कंपनी घेत असतो. मॉइल मँगनीज काढते आणि भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गला बॅटरीत लागणारं मँगनीज डायऑक्साइडही बनवते, पण तिचं मुख्य गिऱ्हाईक पोलाद उद्योग. वेदांताने गोव्यातला निकेल-कोबाल्टचा कारखाना घेतला, पण त्या एवढ्या मोठ्या कंपनीत तो चिमूटभर.

उद्यमबाग-मच्छेच्या फाउंड्रीवाल्यांना धातूचे भाव रोज पाहायची सवय आहे, त्यांना तांबं आणि मँगनीज तरी ओळखीचं. ज्याला धातूंवर बाजी लावायची आहे पण परदेशी खात्याचं झंझट नको, त्याने इथेच थांबावं.

छोट्या बीएसई शेअरच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. कालपर्यंत कापड किंवा सॉफ्टवेअर विकणारी कंपनी नावात "मिनरल्स" किंवा "एनर्जी" जोडते आणि आफ्रिकेतल्या लिथियमसाठी करार झाल्याचं जाहीर करते. परवाना कोणाच्या नावावर आहे, हे त्या घोषणेत लिहिलेलं नसेल तर तिथेच सोडा. असा शेअर एएसएम किंवा जीएसएम, म्हणजे शेअर बाजाराच्या खास देखरेखीत गेला की दिवसाच्या चढ-उतारावर ५% ची मर्यादा येऊ शकते आणि भाव खालच्या मर्यादेला, म्हणजे सर्किटला, अडकतो. मग रोज सकाळी विक्रीची ऑर्डर टाकायची आणि रोज संध्याकाळी ती तशीच पडून राहिलेली पाहायची. घेणाराच नसतो.

परदेशी खातं उघडायची वाट

पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून जातात. मर्यादा माणशी एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलर, म्हणजे आपल्याला ती आडवी येणार नाही. आडवं येतं ते पुढचं.

पैसे फक्त परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेतून जातात. सौहार्द सोसायटीतली किंवा पतसंस्थेतली ठेव थेट पाठवता येत नाही, आधी ती बँकेतल्या स्वतःच्या बचत खात्यात आणावी लागते. खातं एक वर्षापेक्षा नवं असेल तर बँक मागच्या वर्षाचे उतारे मागते. भागीदारी फर्मच्या चालू खात्यातून किंवा एचयूएफच्या (हिंदू अविभक्त कुटुंबाच्या) खात्यातून एलआरएस चालत नाही, ही सवलत फक्त व्यक्तीला आहे. वर्कशॉप भागीदारीत असेल तर पैसे आधी स्वतःच्या नावावर काढून घ्या.

मग नाव-पत्त्याचा घोळ. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं, पण जुन्या पासबुकावर आणि पॅनच्या पत्त्यावर अजून इंग्रजीतलं जुनं स्पेलिंग असतं. शिवाय कर्नाटकातल्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आधारवर पूर्ण नाव, पॅनवर आडनाव आधी. भारतीय डीमॅटला हे बरेचदा चालून जातं. परदेशी ब्रोकर तिथेच अर्ज अडवतो आणि पैसे पाठवल्यावर खातं गोठवतो ते याच कारणाने. आधी पॅन, आधार आणि बँक या तिन्हीवर नाव अक्षरशः एकसारखं करून घ्या, त्याला दोन-तीन आठवडे जातात. मग अर्ज करा.

खर्चाचं उदाहरण: ५०,००० रुपये पाठवले. बँकेचं शुल्क आणि कर मिळून समजा १,००० रुपये, आणि डॉलरच्या भावात बँकेने १% काढला, म्हणजे आणखी ५००. पैसे पोहोचायच्या आतच ३% गेले, आणि परत आणताना पुन्हा थोडे जातात. म्हणून चार वेळा दहा-दहा हजार पाठवण्यापेक्षा एकदाच चाळीस पाठवा. आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर २०% टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकून राहतो. पाठवलेले पैसे शेअर न घेता १८० दिवसांपेक्षा जास्त पडून ठेवता येत नाहीत, परत आणावे लागतात. मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरकडून उधार घेऊन, परदेशात व्यवहार करणं एलआरएसमध्ये बसत नाही. ॲप तसा पर्याय दाखवतं म्हणून तो दाबू नका.

भारतीय ॲपमधून बहुतेक फक्त अमेरिकेचे बाजार मिळतात. बहुतेक लिथियम शोधक कंपन्या ऑस्ट्रेलियाच्या एएसएक्सवर आणि कॅनडाच्या टीएसएक्स व्हेंचरवर आहेत, त्यासाठी आंतरराष्ट्रीय ब्रोकर लागतो. ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड, घ्यायचा असेल तर त्यात काय भरलंय ते बघा. ग्लोबल एक्सच्या लिथियम ईटीएफमध्ये खाणींबरोबर बॅटरी आणि गाडी बनवणाऱ्या कंपन्याही असतात.

कंपनी वाचायची कशी

इथे वेळ घाला. कंपनीच्या रंगीत सादरीकरणात पहिली पाच पानं ईव्हीच्या मागणीची असतात, ती सरळ उलटा.

पहिली गोष्ट, रोकड. एएसएक्सवरची शोधक कंपनी दर तिमाहीला "अपेंडिक्स ५बी" नावाचा रोकड अहवाल देते. त्याच्या आठव्या भागात रोकड किती तिमाही पुरेल तो आकडा कंपनीने स्वतःच लिहिलेला असतो. तो दोनच्या खाली आला की पैसे कसे उभारणार हे तिथेच लिहावं लागतं. कॅनडात रोकड आणि खर्चाचे आकडे सेडार-प्लस या सरकारी संकेतस्थळावरच्या कंपनीच्या हिशेबात मिळतात. आकडा तीनच्या खाली असेल तर आज शेअर घेऊ नका. नवे शेअर येणारच आहेत, आणि ते स्वस्तात येतील.

कसे, ते आकड्यांत पाहू. कंपनीचे २० कोटी शेअर, भाव १० सेंट, म्हणजे बाजारमूल्य २ कोटी डॉलर. हातात ३० लाख डॉलर, खर्च तिमाहीला १० लाख. दोन तिमाहींनंतर कंपनी ५ कोटी नवे शेअर ८ सेंटला मोठ्या गुंतवणूकदारांना देते आणि ४० लाख उभारते. तुमच्याकडे २ लाख शेअर असतील तर तुमचा हिस्सा ०.१% वरून ०.०८% झाला. एएसएक्सच्या नियमात सभेची मंजुरी न घेता १२ महिन्यांत १५% पर्यंत नवे शेअर देता येतात, आणि वार्षिक सभेत आधीच परवानगी घेतली असेल तर छोट्या कंपनीला आणखी १०%. वरच्या उदाहरणातले ५ कोटी नेमके त्या २५% मध्ये बसतात. वर सभेत मंजूर करून दर दोन नव्या शेअरमागे १२ सेंटचा एक ऑप्शन, म्हणजे त्या भावाने नवा शेअर घ्यायचा हक्क, फुकट दिला, तर भाव १२ च्या वर गेला की आणखी अडीच कोटी शेअर उतरतील आणि तुमचा हिस्सा ०.०७३% होईल. भाव १२ सेंटला जाऊन अडखळतो त्याचं कारण बरेचदा हेच असतं, आणि चार्ट पाहणारा तिथे "रेझिस्टन्स" (अडथळा) लिहितो. म्हणून एकूण शेअर मोजताना ऑप्शन आणि वॉरंट (तसाच हक्क) धरूनच मोजा.

कॅनडात खासगी वाटपाचे शेअर साधारणपणे चार महिने आणि एक दिवस विकता येत नाहीत. वाटपाची तारीख लिहून ठेवा. मुदत संपते त्या आठवड्यात स्वस्तात घेतलेले लोक विकायला येतात.

दुसरी, खनिज. आपल्याकडे ऊस किती टन गेला याबरोबरच उतारा किती बसला यावरही पैसे ठरतात, एफआरपीसुद्धा (उसाचा सरकारी किमान भाव) १०.२५% उताऱ्यावर बांधलेला आहे. खनिजाचं गणित तसंच. समजा कंपनी म्हणते, १ कोटी टन खनिज, १.२% लिथियम ऑक्साइड. म्हणजे १,२०,००० टन ऑक्साइड. त्याला २.४७३ ने गुणलं की कार्बोनेटच्या हिशेबात २,९६,७६० टन. हाच आकडा मथळ्यात असतो. गाळणीत ७०% च हाती लागलं तर उरतात २,०७,७३२ टन, आणि पुढच्या कारखान्यातली घट वेगळीच. जगातली सर्वांत श्रीमंत मानली जाणारी ग्रीनबुशेस खाण २% च्या आसपास चालते. म्हणून एखादी कंपनी पूर्ण साठा ३% चा आहे म्हणाली तर थांबा आणि नमुने कुठून घेतले ते वाचा. हाताने उचललेल्या दगडांचे नमुने निवडूनच उचललेले असतात.

ड्रिलचा निकाल वाचताना फसगत सर्वांत जास्त होते. "११८ मीटर खोलीपासून ४२ मीटर, १.३५%" असं लिहिलं असेल तर हे ४२ मीटर ड्रिलच्या वाटेवरचे आहेत. खडकाचा थर तिरका असतो. ड्रिल थराला ३० अंशात भेदत गेलं असेल तर थराची खरी जाडी अर्धीच, २१ मीटर. आणि ११८ मीटरच्या वरचा सगळा मुरूम-दगड आधी उचलावा लागणार, त्याचा खर्च वेगळा. "ड्रिलमध्ये स्पोड्युमीन (लिथियमचं खनिज) दिसलं" एवढ्यावर शेअर उसळतो, पण डोळ्याने पाहणं वेगळं आणि प्रयोगशाळेचा निकाल वेगळा. निकालाला काही आठवडे लागतात. तेवढ्यात भाव चढवून कंपनी नवे शेअर विकून मोकळी होते.

साठ्याचे वर्ग चढत्या विश्वासाने इन्फर्ड, इंडिकेटेड, मेजर्ड असे आहेत. त्यावर अभ्यास होऊन खाण फायद्यात चालेल असं दिसलं तरच त्याला रिझर्व्ह म्हणतात. ऑस्ट्रेलियात यासाठी जोर्क नियमावली आहे, कॅनडात एनआय ४३-१०१. कॅनडाने ती २००१ मध्ये लागू केली. १९९७ मध्ये ब्रे-एक्सचा घोटाळा फुटला होता, इंडोनेशियातल्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळून खोटा साठा दाखवला होता. नियम आले, पण "इन्फर्ड" चा आकडा छापून शेअर विकायची चाल गेली नाही.

तिसरी, परवाना. हे बेळगावकरांना समजावून सांगायला नको. शेजारच्या गोव्यात २०१२ मध्ये आणि परत २०१८ मध्ये खाणी थांबल्या, बळ्ळारीच्या खाणी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या. खनिज तिथेच होतं, कागद नव्हता. काँगोने २२ फेब्रुवारी २०२५ पासून कोबाल्टची निर्यात थांबवली आणि ऑक्टोबरपासून कोटा लावला. जगातला बहुतांश कोबाल्ट तिथूनच येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनच्या यीचुनमधल्या एका मोठ्या लिथियम खाणीचा परवाना संपला, ती थांबली आणि त्याच आठवड्यात जगभरचे लिथियम शेअर उसळले. आपल्या कंपनीकडे शोधाचा परवाना आहे की उत्खननाचा, आणि तो कधी संपतो, ते वार्षिक अहवालातल्या परवान्यांच्या तक्त्यात असतं.

चौथी, बॅटरीची जात. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरीत निकेल आणि कोबाल्ट नसतो, लिथियम असतो. सोडियम-आयन बॅटरीत लिथियमही नसतं. चीनमध्ये स्वस्त गाड्यांत एलएफपी पसरली आणि कोबाल्ट-निकेलची स्वप्नं विकणाऱ्या शोधक कंपन्या तिथेच खचल्या.

टिपा आणि ग्रुप

टिप देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक आयएनएच अक्षरांनी सुरू होतो, सल्लागाराचा आयएनए ने. तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा, त्याने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. ग्रुपमधल्या लिंकवरून कोणतंही ट्रेडिंग ॲप घेऊ नका आणि कोणा खासगी व्यक्तीच्या खात्यावर पैसे टाकू नका. टाकलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता येतात, दुसऱ्या दिवशी उशीर होतो.

ऑर्डर टाकताना

एएसएक्स आपल्या वेळेनुसार पहाटे साडेपाचला उघडतं, तिकडच्या उन्हाळी वेळेत साडेचारला. टोरंटो संध्याकाळी सातला, थंडीत आठला. बाजार उघडतानाच्या पहिल्या अर्ध्या तासात ऑर्डर टाकू नका आणि मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची, कधीच नको, भाव ठरवून लिमिटच टाका. एएसएक्सवर दहा सेंटखालच्या शेअरचा भाव ०.१ सेंटच्या टप्प्याने हलतो. २ सेंटच्या शेअरला घेणारा २.० आणि विकणारा २.१ असेल, तर घेतल्या क्षणी सुमारे ५% तोटा. असल्या शेअरमध्ये रोज आत-बाहेर करून कोणी कमावत असेल तर तो ब्रोकर.

रक्कम तीन भागांत घाला. पहिला आज, दुसरा पुढची रोकड उभारणी झाल्यावर, बहुधा स्वस्तात मिळेल. तिसरा साठ्याचा वर्ग वर चढल्यावर, महाग मिळाला तरी चालेल. घेतानाच वहीत लिहा: किती शेअर, एकूण शेअर किती, रोकड किती तिमाहींची, आणि कोणती गोष्ट घडली नाही तर विकणार. भाव दुप्पट झाला की निम्मे विकून मुद्दल काढा. उरलेल्यावर मग धीर धरता येतो.

कर आणि तोटा

परदेशी शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकला तर नफ्यावर १२.५% आणि सेस, त्याआधी विकला तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. भारतीय शेअरवर १२ महिन्यांच्या आत २०%, त्यानंतर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५%. परदेशी शेअर हातात असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, आयटीआर-१ किंवा ४ चालत नाही, २ किंवा ३ भरावा लागतो. त्यात "शेड्यूल एफए" भरायचं असतं, आणि तिथली माहिती एप्रिल-मार्चची नसून जानेवारी ते डिसेंबरची द्यायची असते. गावातल्या कर सल्लागाराला हे आधी सांगा, कारण ऊस-दुकानाचे हिशेब करणाऱ्यांकडे हा प्रकार क्वचित येतो.

तोटा पुढची आठ वर्षं वजा करता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वळता होतो. आणि तोटा धरायला शेअर विकलेला असावा लागतो. कंपनीचे व्यवहार बाजाराने थांबवले, तर शेअर शून्याच्या भावाने तुमच्या खात्यात पडून राहतो, विकता येत नाही आणि करात वजाही होत नाही. म्हणून रोकड एका तिमाहीवर आली आणि नवी उभारणी जाहीर झाली नाही, की अर्ध्या सेंटला गिऱ्हाईक मिळालं तरी विकून टाका आणि ब्रोकरचा व्यवहार-उतारा छापून फाइलला लावा.